तेलाच्या डब्यावरील आंकडा

आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागांत बैलजोडीची जागा ट्रॅक्टरनें घेतली, त्यास आतां बराच काळ लोटला. नांगरणी, चिखलणी, मळणी आणि बाजारापर्यंतची वाहतूक हीं सर्व कामें यंत्रावर आलीं. बैलास वैरण कोणती व किती द्यावी हें घरांतील पोरासहि समजत असे. परंतु यंत्राच्या पोटांत आपण जें तेल ओततों तें किती दाट असावें, तो दाटपणा कोणत्या मापानें मोजतात, आणि एका मापाचा आंकडा दुसऱ्या मापांत कसा आणावा, याविषयीं आमच्या शेतकरी बांधवांत, व त्यांना तेल विकणाऱ्यांतहि, मोठें अज्ञान आहे. हें अज्ञान फुकटचें नव्हे. त्याची किंमत इंजिन, पंप आणि कधीं कधीं सबंध हंगाम या रूपानें मोजावी लागते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही कांहीं यंत्रशास्त्री नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेलें. परंतु मापांच्या घोळानें माणसाचें नुकसान कसें होतें, हें महसुली दप्तराइतकें स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. आपला मुलूख पूर्वीं मध्य प्रांतांतील चांदा जिल्हा होता. गडचिरोली जिल्हा त्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं निराळा झाला. जुन्या कागदांत क्षेत्र एकर व डिसमिल यांत लिहिलेलें असे, म्हणजे एकराचे १०० भाग. शेजारच्या वऱ्हाडांत एकराचे ४० गुंठे. आज सातबाऱ्यावर हेक्टर व आर आहेत. २५ डिसमिल म्हणजे १० गुंठे. ज्यानें जुन्या कागदावरील पंचवीस हा आंकडा गुंठ्यांचा म्हणून वाचला, त्यानें एका फटक्यांत जमीन अडीच पट केली. उलट, गुंठा १०८९ चौरस फुटांचा आणि आर सुमारें १०७६ चौरस फुटांचा. तेव्हां दोन्ही एकच, असें म्हणून लोक मोकळे होतात. परंतु एकराचे गुंठे ४० आणि आर ४०.४७. बांधावरून भांडण होण्यास अर्धा गुंठा पुष्कळ झाला. सारांश, आंकड्यापुढें माप नसेल तर तो आंकडा कांहींच सांगत नाहीं, उलट फसवितो. तेलाच्या डब्यावरील आंकड्याची गोष्ट हीच आहे. फक्त तेथें मापाबरोबर तापमानहि पाहावें लागतें.

प्रथम दाटपणा म्हणजे काय तें पाहूं. जड तेल आणि जाड तेल एक नव्हे. एरंडेल पाण्यावर तरंगतें, म्हणजे तें पाण्याहून हलकें. तरी वाटींतून ओतून पाहिल्यास पाण्याहून शेंकडों पट दाट. प्रवाही पदार्थाचे थर एकमेकांवरून सरकतांना जो अटकाव होतो तो दाटपणा. शास्त्रीय ग्रंथांत यास श्यानता म्हणतात. ती दोन रीतींनीं सांगण्याचा प्रघात आहे. नुसता अटकाव मोजला तर त्याचें माप पॉइज, आणि त्याचा शंभरावा भाग सेंटिपॉइज. हें नांव प्वाझय या फ्रेंच वैद्यावरून पडलें. तोच अटकाव तेलाच्या घनतेनें भागिला म्हणजे शुद्धगतिक श्यानता मिळते. आपल्याच भारानें तेल नळींतून किती लवकर उतरेल तें तिजवरून कळतें. तिचें माप स्टोक्स, आणि शंभरावा भाग सेंटिस्टोक्स. हें नांव जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स (१८१९–१९०३) या गणितज्ञाचें. वंगणाच्या तेलांचा व्यवहार बहुतेक या दुसऱ्या मापावर चालतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा दाटपणा जवळजवळ १ सेंटिस्टोक्स असतो. तेवढें मनांत धरलें म्हणजे पुढील आंकड्यांचा अंदाज येतो.

आतां रूपांतराकडे वळूं. तें एकाच जातीचें नाहीं, आणि घोळाचें मूळ येथेंच आहे.

पहिली जात एकर-गुंठ्यांसारखी सरळ. १ स्टोक्स म्हणजे दर सेकंदास १ चौरस सेंटिमीटर, आणि त्याचे १०० सेंटिस्टोक्स. १ सेंटिस्टोक्स म्हणजे दर सेकंदास १ चौरस मिलिमीटर. दर सेकंदास १ चौरस मीटर हें फार मोठें माप असून त्यांत १० लाख सेंटिस्टोक्स मावतात. क्षेत्रफळाचें माप तेलाच्या कपाळीं कसें आलें, याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें; परंतु अटकावास घनतेनें भागतांना वस्तुमान उडून जातें आणि चौरस व सेकंद तेवढे उरतात. व्यवहारांत एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, एका कागदावर सेंटिस्टोक्स आणि दुसऱ्यावर चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असें छापलेलें असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं. आंकडा तोच राहतो.

दुसऱ्या जातीला घनता लागते. ज्यांनीं पायलीनें धान्य मोजिलें आहे त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. एक पायली धान आणि एक पायली तांदूळ यांचें माप एक, पण वजन एक नव्हे; मापावरून वजन काढावयाचें तर पायलींत काय भरलें आहे तें सांगावें लागतें. तसेंच सेंटिस्टोक्सवरून सेंटिपॉइज काढावयाचे तर तेलाची घनता माहीत पाहिजे. ४६ सेंटिस्टोक्सच्या तेलाची घनता ०.८७ असेल तर ४६ गुणिले ०.८७ म्हणजे ४० सेंटिपॉइज झाले. उलट जातांना भागावें. घनता मात्र त्याच तापमानाची घ्यावी. पाण्याची घनता जवळजवळ १ असल्यानें पाण्यापुरते दोन्ही आंकडे सारखे येतात. तेलाचे येत नाहींत.

तिसरी जात सेकंदांची, आणि ती सर्वांत फसवी. पूर्वीं तेलाचा दाटपणा मोजण्याची रीति अगदीं घरगुती म्हणावी अशी होती. ठराविक भोंकाच्या भांड्यांत तेल ठराविक तापमानास आणावयाचें, बूच काढावयाचें, आणि ठराविक तेल खालीं पडण्यास किती सेकंद लागले तें घड्याळांत पाहावयाचें. नरसाळ्यांतून घासलेट आणि गिअरचें तेल ओततांना आपण हेंच डोळ्यांनीं करीत असतों. इंग्रजांचें रेडवुड भांडें. त्यांतून ५० मिलिलिटर तेल पडावें लागे. अमेरिकेचें सेबोल्ट भांडें. त्यांतून ६० मिलिलिटर. जर्मनांचें एंग्लर भांडें. त्यांत २०० मिलिलिटर तेलाच्या वेळेस तितक्याच पाण्याच्या वेळेनें भागून अंश काढीत. नरसाळीं निराळीं, म्हणून सेकंदहि निराळे. २०० सेकंद असा नुसता आंकडा सेबोल्टचा असेल तर तें तेल सुमारें ४३.३ सेंटिस्टोक्सचें, आणि रेडवुडचा असेल तर सुमारें ४९.२ सेंटिस्टोक्सचें. जुन्या यंत्राची इंग्रजी पुस्तिका किंवा हायड्रॉलिक पंपाचें परदेशी माहितीपत्रक उघडल्यास असे सेकंद अद्यापि भेटतात.

शिवाय सेकंद दुप्पट म्हणजे दाटपणा दुप्पट, असेंहि येथें होत नाहीं. ६० सेबोल्ट सेकंदांचें तेल सुमारें १०.३ सेंटिस्टोक्सचें, तर १२० सेकंदांचें सुमारें २५.३ सेंटिस्टोक्सचें, म्हणजे जवळजवळ अडीच पट. कारण असें कीं, तेल कितीहि पातळ असलें तरी भोंकांतून पडावयास कांहीं वेळ लागतोच, आणि पातळ तेलाच्या बाबतींत भाराचा बराच भाग अटकाव मोडण्यांत न जातां धारेस वेग देण्यांत खर्च होतो. म्हणून येथें एकच गुणक चालत नाहीं. सेबोल्ट सेकंद १०० हून अधिक असल्यास सेकंदांस ०.२२ नें गुणावें, आणि १३५ ला सेकंदांनीं भागून येणारा आंकडा त्यांतून वजा करावा. २०० सेकंदांस ४४ वजा ०.६८ म्हणजे ४३.३ झाले. रेडवुड सेकंद १०० हून अधिक असल्यास ०.२४७ नें गुणून, ५० ला सेकंदांनीं भागून येणारा आंकडा वजा करावा. दाट तेलांत ही वजाबाकी नगण्य होते. तेथें सेबोल्ट सेकंदांस ४.६३ नें आणि रेडवुड सेकंदांस ४.०५ नें भागलें तरी चालतें.

येथपर्यंत मापांची गोष्ट झाली. आतां तापमान. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४७ अंशांच्या आसपास जातो हें कोणास सांगावयास नको. उन्हांत ठेवलेल्या पिंपांतील तेल पाण्यासारखें पडतें, आणि तेंच जानेवारीच्या सकाळीं काकवीसारखें ओघळतें. ४० अंशांवर ४६ सेंटिस्टोक्स असलेलें साधें हायड्रॉलिक तेल १०० अंशांवर सुमारें ७ सेंटिस्टोक्स राहतें, आणि २० अंशांवर सुमारें तिप्पट दाट होतें. तेव्हां ज्या आंकड्यापुढें तापमान नाहीं, तो आंकडा मौजा न लिहिलेल्या गट क्रमांकासारखा समजावा. गट क्रमांक ४६ प्रत्येक मौजांत असूं शकतो, आपला कोणता?

आतां डब्यावरील क्रमांकांकडे येऊं. हे क्रमांक मापें नव्हेत, इयत्ता आहेत. हायड्रॉलिक तेलावरील व्हीजी ३२, ४६, ६८ हे क्रमांक ४० अंशांवरील सेंटिस्टोक्स दाखवितात, त्यांतहि शेंकडा दहा कमीअधिक चालतें. म्हणजे ४६ क्रमांकाचें तेल ४१.४ पासून ५०.६ पर्यंत कोठेंहि असूं शकतें. इंजिन तेलावरील ३०, ४०, ५० हे क्रमांक निराळ्या संस्थेचे. ते १०० अंशांवरील दाटपणाच्या पट्ट्यास दिलेले आहेत. सेंटिस्टोक्समध्यें इंजिन ३० म्हणजे ९.३ ते १२.५ पेक्षां कमी, इंजिन ४० म्हणजे १२.५ ते १६.३ पेक्षां कमी, आणि इंजिन ५० म्हणजे १६.३ ते २१.९ पेक्षां कमी. गिअर तेलाचे क्रमांक आणखी तिसरे. सध्यांच्या श्रेणीप्रमाणें गिअर ९० म्हणजे १०० अंशांवर १३.५ ते १८.५ पेक्षां कमी. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून पाहावें. गिअरचें ९० हें इंजिनच्या ४० च्या दुप्पट नव्हे. तें ४० व ५० या दोन पट्ट्यांतच येऊन बसतें! उलट, हायड्रॉलिक ४६ आणि इंजिन ४० हे आंकडे कानाला शेजारचे वाटतात. परंतु १०० अंशांवर पहिलें सुमारें ७ आणि दुसरें कमींत कमी १२.५. 'चाळीस काय नि सेहेचाळीस काय, एकच,' असें सांगून एका दुकानदारानें एकाऐवजीं दुसरें तेल गिऱ्हाइकाच्या हातीं दिलेलें आम्हीं पाहिलें आहे. त्या दुकानदाराचा हेतु वाईट नसेल. पण आंकडे कशाचे, हें त्यालाहि कोणी सांगितलेलें नव्हतें.

'१५डब्ल्यू-४०' असा जोड-क्रमांक असतो, त्यांतील पहिला भाग थंडींतील चाचणीचा. १५डब्ल्यूची इंजिन फिरविण्याची चाचणी शून्याखालीं २० अंशांवर घेतात. आपल्या भागांत तशी थंडी पडत नाहीं. म्हणून पहिल्या भागापेक्षां दुसऱ्याकडे आपलें लक्ष अधिक असावें.

हें सर्व एकत्र टिपून ठेवावयाचें तर पुढील कोष्टक पुरेसें आहे. सेकंदांचे आंकडे स्थूल मानानें दिले आहेत.

१ स्टोक्स = १०० सेंटिस्टोक्स
१ सेंटिस्टोक्स = दर सेकंदास १ चौरस मिलिमीटर
सेंटिपॉइज = सेंटिस्टोक्स गुणिले घनता
३२ सेंटिस्टोक्स = सेबोल्ट १५० सेकंद = रेडवुड १३१ सेकंद
४६ सेंटिस्टोक्स = सेबोल्ट २१४ सेकंद = रेडवुड १८७ सेकंद
६८ सेंटिस्टोक्स = सेबोल्ट ३१५ सेकंद = रेडवुड २७६ सेकंद

कोष्टकाची प्रत्येक ओळ एकाच तापमानावर खरी आहे. ४० अंशांचा आंकडा १०० अंशांच्या आंकड्याशीं कोणत्याहि गुणकानें जुळवितां येत नाहीं. त्यासाठीं त्या तेलाचीं दोन्ही तापमानांवरील मोजमापें पाहिजेत.

चुकीचें तेल पडल्यास होतें काय? तेल पातळ पडलें तर दोन लोखंडी भागांमधील तेलाचा पडदा तुटतो आणि लोखंड लोखंडास घासतें. हायड्रॉलिकमध्यें तें फटींतून मागें गळतें, आणि उचललेलें अवजार हळूहळू खालीं बसूं लागतें. दाट पडलें तर पंपास तें वेळेवर ओढतां येत नाहीं, पंप कुरकुरतो आणि आंतून खाल्ला जातो. हीं हानि शांतपणें होते आणि नेमकी रोवणीच्या दिवसांत उघड होते. पाऊस पडून बांध्या भरल्या आहेत, पऱ्हे रोवणीस आले आहेत, मजूर ठरले आहेत, आणि चिखलणीचा ट्रॅक्टर बांधींत बसला आहे! पऱ्हे कांहीं थांबत नाहींत. ते म्हातारे झाले म्हणजे फुटवे कमी येतात, आणि ती तूट मळणीच्या खळ्यावर दिसते. ज्याच्या घरीं ट्रॅक्टर नाहीं, भाड्यानें आणतो, त्याचें नुकसान तर आणखी मोठें. कारण यंत्र एकाचें बिघडतें आणि रांगेंतील दहा जणांची रोवणी लांबते.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. दाटपणा जुळला म्हणजे तेल जुळलें, असें नव्हे. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक व तेलांत बुडालेले ब्रेक या तिहींस एकच तेल असतें, आणि ब्रेक नीट धरावेत म्हणून त्या तेलांत खास द्रव्यें घातलेलीं असतात. तितक्याच दाटपणाचें साधें गिअर तेल घातलें तर ब्रेक घसरतील किंवा कर्कश वाजतील. दाटपणा ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे. यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच तेल घ्यावें.

डिझेललाहि हाच न्याय लागू आहे. भारतीय मानकाप्रमाणें डिझेल ४० अंशांवर २ ते ४.५ सेंटिस्टोक्स असावें लागतें. आपल्या रानांत करंज आणि मोह विपुल. त्यांच्या बियांच्या तेलावर इंजिन कां चालवूं नये, असा विचार अनेकांच्या मनांत येतो. त्या कच्च्या तेलाचा दाटपणा ४० अंशांवर डिझेलच्या दसपटीच्या आसपास असतो. तें बारीक फवाऱ्यांत फुटत नाहीं, अर्धवट जळतें आणि काजळी धरतें. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून तें पातळ करतात, तेव्हांच तें डिझेलच्या जवळ येतें. एका मापानें दोन्ही आंकडे शेजारीं मांडले कीं हा वाद पांच मिनिटांत मिटतो.

कोणी म्हणेल, 'हें सर्व मिस्त्रीला ठाऊक असतें; शेतकऱ्यानें कशाला डोकें शिणवावें?' त्यावर आमचें उत्तर असें. सातबारा तलाठ्याला ठाऊक असतोच. म्हणून आपण तो वाचावयाचें सोडतों काय? ज्यांनीं सोडलें त्यांची काय गत झाली हें आम्हीं कचेरीच्या ओट्यावर पुष्कळ वेळां पाहिलें आहे. मिस्त्री अनुभवी असतो, त्याचा मान राखावा; परंतु बोटांच्या चिमटींत तेल चोळून त्याचे सेंटिस्टोक्स सांगणारा मिस्त्री अजून जन्मास यावयाचा आहे. शिवाय यंत्र आपलें, कर्ज आपल्या नांवावर, हप्ता आपल्या धानांतून. ज्याचा पैसा त्यानें आंकडा वाचण्यास शिकलेंच पाहिजे.

तथापि सर्व भार शेतकऱ्यावर टाकणें आम्हांस मान्य नाहीं. देशांत मेट्रिक वजनें-मापें १९५६ च्या कायद्यानें आलीं, आणि आज २००९ चा वैधमापनाचा कायदा अमलांत आहे. पांच लिटरच्या डब्यांत पांचच लिटर तेल असावें याची काळजी सरकार घेतें. मग तें तेल किती दाट आहे, हें गिऱ्हाइकास समजेल अशा रीतीनें कां सांगूं नये? कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ४० व १०० अंशांवरील दाटपणा आणि घनता हे तिन्ही आंकडे दिलेले असतात. तेच आंकडे डब्यावर मराठींत छापण्यास शाई किती लागेल? यंत्र विकणाऱ्यांनींहि पुस्तिका मराठींत द्यावी, आणि तींत इयत्तेच्या क्रमांकाबरोबर सेंटिस्टोक्स व तापमान लिहावें. आमच्या शेतकरी संस्थांनीं आपल्या विक्रीकेंद्रांत वरील कोष्टकाचा फलक लावावा, आणि तेल देतांना जात, क्रमांक व तारीख पावतीवर लिहून द्यावी. एवढें झालें तर 'सगळीं तेलें सारखींच' हें वाक्य आपल्या बाजारांतून नाहींसें होईल.

बांधवांनीं आपल्यापुरतें एक करावें. जेथें सातबारा आणि पीककर्जाचे कागद ठेवतां, तेथेंच एक वही ठेवावी. यंत्राच्या प्रत्येक तेलाची जात, क्रमांक, दोन्ही तापमानांवरील सेंटिस्टोक्स आणि तेल बदलल्याची तारीख तींत टिपावी. सेकंदांचा आंकडा भेटला तर कोणत्या भांड्याचा तें आधीं विचारावें. उत्तर न मिळाल्यास डबा परत ठेवून दुसरें दुकान पाहावें. रोवणीपूर्वीं घरांतील शिकत्या मुलामुलींकडून एकदां ही वही वाचून घ्यावी. गुणाकार-भागाकार त्यांना येतो, आणि यंत्रहि पुढें त्यांनाच सांभाळावयाचें आहे.